हार्ड डिस्कचा मृत्युलेख लिहिण्याची घाई

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशिकमध्ये कुठल्याही बैठकीत दोन विषय निघतातच, रस्ते आणि कॅमेरे. रस्त्यांच्या बाबतीत प्रत्येक नाशिककर तज्ज्ञ असल्यामुळे मी त्यात पडत नाही. कॅमेऱ्यांच्या चर्चेत मात्र एक वाक्य इतक्या बिनधास्तपणे फेकलं जातं की त्यावर लिहिणं भाग पडलं. "फिरत्या हार्ड डिस्कचा जमाना गेला. सगळं क्लाउडवर टाका, नाहीतर एसएसडी बसवा." (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर माहिती ठेवणारी साठवण.) गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीला कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर बदलायचा असो, एखाद्या संस्थेला जुनी दप्तरं स्कॅन करून ठेवायची असोत किंवा घाटांवरचं चित्रीकरण कुठे साठवायचं हा प्रश्न असो, हे वाक्य बोलणारा आपोआप आधुनिक ठरतो आणि चर्चा तिथेच संपते. विरोध करणारेही फार शहाणपणाने बोलतात असं नाही. "आमची डिस्क बारा वर्षं झाली, अजून ठणठणीत आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. एक बाजू तंत्रज्ञानाचं वय सांगते, दुसरी आपल्या घरच्या डिस्कचं. काय ठेवायचंय, किती ठेवायचंय, किती काळ आणि कोणाच्या पैशाने, हे दोघंही विचारत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हार्ड डिस्क ज्यावर चालते ते चुंबकीय नोंदणीचं तंत्र मेलेलं नाही, ते फक्त आपल्या टेबलावरून उठून गेलंय. मोठ्या प्रमाणावर माहिती साठवायची असेल तर आजही त्याला स्वस्त आणि ताबडतोब हाती येणारा पर्याय नाही, आणि पुढची बरीच वर्षं तो मिळण्याची चिन्हं दिसत नाहीत. 'हार्ड डिस्क नको, क्लाउड हवा' ही मागणी तर 'गंगापूर धरणाचं पाणी नको, नळाचं द्या' अशा थाटाची आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत रांगेने लावलेल्या डिस्काच. गुगलच्या एरिक ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक निबंध लिहिला. त्या वेळी एकट्या यूट्यूबवर दर मिनिटाला ४०० तासांहून जास्त चित्रीकरण चढवलं जात होतं आणि त्यासाठी रोज एक पेटाबाइटहून अधिक, म्हणजे दहा लाख जीबीच्या वर, नवी जागा लागत होती. ही जागा फिरत्या डिस्कांवरच असणार हे या निबंधात गृहीतच धरलेलं आहे. मोठ्या साठवणुकीसाठी डिस्कची रचना कशी बदलावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्याकडे जगातली सगळ्यात मोठी कोठारं आहेत ते डिस्क सुधारा म्हणतात आणि आपण ती भंगारात काढा म्हणतो. यात कुणीतरी हिशेब केलेला नाही, हे उघड आहे.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क घालून घेणारा माणूस आज स्वतःचं नुकसान करतो. फ्लॅश मेमरीत हलणारा भागच नाही. डिस्कला वाचणारं-लिहिणारं हेड योग्य जागी नेऊन तबकडीचा नेमका भाग खाली येईपर्यंत काही मिलिसेकंद थांबावं लागतं, एसएसडीला तेवढ्यात शेकडो कामं उरकता येतात. बॅग खाली पडली तर एसएसडी बहुधा वाचते, चालू असलेली डिस्क बहुधा वाचत नाही. बाजारानेही हा निकाल देऊन टाकलाय. २०१० च्या सुमारास जगात वर्षाला ६५ कोटी हार्ड डिस्क विकल्या जात होत्या, आज तो आकडा साधारण एक पंचमांशावर आलाय. एकेकाळी कितीतरी कंपन्या या धंद्यात होत्या, आता सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा अशा तीनच उरल्या. मोजकेच विक्रेते असलेल्या बाजारात ग्राहकाचं काय होतं हे २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात दिसलं होतं. कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कांचे भाव भडकले, आपल्याकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतही. आणि २०२० मध्ये, ट्रॅकवर (तबकडीवरच्या नोंदींच्या गोल रांगेवर) ट्रॅक थोडा चढवून जागा वाचवणारं तंत्र ग्राहकाला न सांगता काही मॉडेलांत घातल्याचं उघड झालं, तेव्हा या कंपन्यांबद्दलचा उरलासुरला भाबडेपणाही गेला. त्या तंत्राने जागा वाचते, पण मधलीच एखादी नोंद बदलायची तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. सतत लिहिणाऱ्या यंत्रात अशी डिस्क गेली की ती रांगू लागते.

एवढं सगळं मान्य करूनही निष्कर्ष का बदलत नाही? त्यासाठी हे तंत्र इथवर कसं आलं ते पाहावं लागेल, कारण त्याचा मृत्युलेख लिहिण्याची ही पहिली वेळ नाही.

चुंबकाच्या साहाय्याने आवाज नोंदवता येईल ही कल्पना अमेरिकेतल्या ओबरलिन स्मिथने १८८८ मध्ये छापून प्रसिद्ध केली, आणि डेन्मार्कच्या व्हाल्देमार पोल्सनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर ती प्रत्यक्षात आणली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी त्याचं यंत्र कौतुकाने ऐकलं आणि पुढची तीसेक वर्षं त्याचं फारसं काही झालं नाही. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोखंडाच्या भुकटीचा लेप दिला, त्यातून १९३० च्या दशकात टेपरेकॉर्डर आला. टेपची अडचण एकच होती. मधलं काही हवं असेल तर सगळी गुंडाळी फिरवावी लागे. सॅन होजेमध्ये आयबीएमच्या रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने हीच अडचण सोडवायला घेतली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये रॅमॅक हा पहिली हार्ड डिस्क असलेला संगणक जाहीर झाला. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन आणि त्यात मावणार ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबात पावणेचार एमबी, मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. तबकड्यांवर लेप देण्यासाठी तिथल्या अभियंत्यांनी लोहयुक्त रंग नायलॉनच्या मोज्यातून गाळला आणि फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतून तो आपोआप कडेपर्यंत पसरू दिला. आपल्या सातपूर-अंबडच्या शॉपमधला एखादा जुना फोरमन हे वाचून हसेल आणि लगेच म्हणेल की बरोबर केलं, असंच करतात.

रॅमॅकमध्ये एका चौरस इंचात २,००० बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा नोंदी, मावत. आज त्याच जागेत एक लाख कोटींहून जास्त मावतात, म्हणजे ५० कोटी पटींची वाढ. ही वाढ एका सरळ रेषेत झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दर काही वर्षांनी हे तंत्र भिंतीला धडकलंय आणि दर वेळी कुणीतरी मृत्युलेख लिहायला घेतलाय.

पहिला मोठा मृत्युलेख सत्तरच्या दशकातला. बेल लॅबमधून बबल मेमरी नावाचा प्रकार निघाला. हलणारा भाग नाही, वीज गेली तरी नोंद कायम. इंटेल आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांनी त्यात पैसा ओतला आणि डिस्कचे दिवस भरले असं छातीठोकपणे सांगितलं गेलं. दहाएक वर्षांत बबल मेमरीच गाशा गुंडाळून गेली, कारण तिच्या निर्मितीचा खर्च उतरेपर्यंत डिस्क थांबून राहिली नाही. (गंमत म्हणजे बबल मेमरीसुद्धा चुंबकीयच होती.)

दुसरा मृत्युलेख जास्त गंभीर होता, कारण तो भौतिकशास्त्राने लिहिला होता. तबकडीवरचा एक बिट म्हणजे धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा समूह. त्यांच्या चुंबकत्वाची दिशा अमुक तर शून्य, तमुक तर एक. जास्त बिट मावायला हवे असतील तर कण लहान करावे लागतात. पण कण फार लहान झाला की खोलीतली साधी उष्णताच त्याची दिशा उलटवू शकते, आणि नोंद हळूहळू आपोआप पुसली जाते. यावर उपाय म्हणून दिशा सहजी न बदलणारा कणखर धातू घेतला, तर लिहिणाऱ्या हेडचं चुंबकक्षेत्रच त्याला पुरत नाही. कण मोठा ठेवावा तर जागा जाते, लहान करावा तर नोंद जाते, धातू बदलावा तर लिहिताच येत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या स्टॅन्ली चॅराप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं गणित मांडलं आणि चौरस इंचाला ३६ अब्ज बिटांच्या आसपास मर्यादा काढली. आज आपण त्याच्या तिसेक पट पुढे आहोत. मग चॅराप चुकले का? अजिबात नाही. त्यांचं गणित तबकडीच्या पृष्ठभागावर आडव्या पडलेल्या बिटांचं होतं आणि त्या रचनेपुरतं ते योग्यच होतं. अभियंत्यांनी रचनाच बदलून टाकली.

ती बदलण्याची कल्पना तेव्हा वीस वर्षं जुनी होती. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात शुनइची इवासाकी यांनी सत्तरच्या दशकातच म्हटलं होतं की बिट आडवे कशाला, उभे करा. आडव्या मांडणीत शेजारच्या बिटांचे सजातीय ध्रुव समोरासमोर येतात आणि एकमेकांना अस्थिर करतात. उभ्या मांडणीत शेजारी एकमेकांना आधार देतात. शिवाय खाली मऊ चुंबकीय थर दिला की लिहिण्याचं क्षेत्रही जोरदार होतं. कल्पना चांगली होती, पण उद्योगाला तिची गरज वाटेना, कारण आडव्या पद्धतीतच घोडदौड चालू होती. त्या घोडदौडीला बळ मिळालं ते आणखी एका शोधाने. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेअर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे असं आढळलं की लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक दिले की चुंबकक्षेत्रात त्यांचा विद्युतरोध अनपेक्षित प्रमाणात बदलतो. आयबीएममध्ये स्ट्युअर्ट पार्किन यांनी धातूंच्या असंख्य जोड्या तपासून त्यातलं कारखान्यात जमेल असं काय ते शोधलं, आणि १९९७ मध्ये त्यावर आधारलेलं वाचक हेड १६.८ जीबीच्या डिस्कमध्ये बसून बाजारात आलं. शोधापासून दुकानापर्यंत नऊ वर्षं. फेअर आणि ग्र्युनबर्ग यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं. इवासाकींची उभी पद्धत मात्र २००५ मध्ये तोशिबाच्या छोट्या डिस्कमधून प्रथम विक्रीला आली. तीस वर्षांची प्रतीक्षा. त्यांना २०१० मध्ये जपान प्राइझ मिळालं तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते.

इथे माझ्या विरोधकाने एक नेमका मुद्दा काढावा अशी माझी अपेक्षा आहे, आणि तो या वादातला सर्वांत बळकट मुद्दा आहे. दोनदा मृत्युलेख खोटा ठरला म्हणून तिसऱ्यांदाही ठरेल असं कुठे आहे? जे तगलं त्याच्याच गोष्टी आपण सांगतो. फ्लॉपी गेली, ती परत आली नाही. आणि याहून बोचरं उदाहरण मीच देतो. उभी पद्धत ज्या १.८ इंची डिस्कमधून पहिल्यांदा आली ती खिशातल्या म्युझिक प्लेअरसाठी होती, आणि तो सबंध प्रकार फ्लॅशने काही वर्षांत गिळून टाकला. तीस वर्षं वाट पाहून आलेल्या तंत्राचं पहिलं घर असं उठलं. तेव्हा इतिहासाच्या आधाराने 'हार्ड डिस्क अमर आहे' असं कुणी म्हणत असेल, तर तो भाबडेपणाच.

पण ती कुठे मेली आणि कुठे जगली ते नीट पाहा. खिशात, लॅपटॉपमध्ये, जिथे माहिती थोडी, धक्के फार आणि वेग महत्त्वाचा, तिथे ती मेली. ढिगाने ठेवायचं, क्वचित बघायचं आणि पैसे मोजून द्यायचे, तिथे ती जगली. विकल्या जाणाऱ्या डिस्कांची संख्या पाचव्या हिश्शावर आली, पण त्यांची एकत्रित क्षमता याच काळात कित्येक पटींनी वाढली. एकाच आकडेवारीतला पहिला अर्धा भाग सांगून दुसरा गाळला की मृत्युलेख तयार होतो. आणि ही क्षमता पुढेही वाढावी म्हणून आणखी एक भिंत ओलांडली गेली, कणखर धातूवर लिहिता न येण्याची. लोखंड आणि प्लॅटिनमचा मिश्रधातू इतका हट्टी की सामान्य तापमानाला त्यावर लिहिताच येत नाही. म्हणून हेडवरच एक चिमुकला लेसर बसवला. तो काही दहा नॅनोमीटरचा ठिपका क्षणभर ४०० अंशांच्या वर तापवतो, तेवढ्यात बिट लिहिला जातो आणि नॅनोसेकंदांत ठिपका थंड होऊन नोंद पक्की होते. सीगेटने २०१२ मध्ये या पद्धतीने चौरस इंचाला एक लाख कोटी बिट लिहून दाखवले, 'लवकरच येतोय' असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं, आणि ३० टीबीच्या (टीबी म्हणजे हजार जीबी) डिस्का प्रत्यक्षात जाहीर केल्या त्या जानेवारी २०२४ मध्ये. बारा वर्षं. या विलंबाची थट्टा जरूर करा, पण वस्तू आली हे विसरू नका.

हे सगळं कागदावर वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. एम. जी. रोडच्या बाजूच्या एका बोळात डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका तरुणाकडे मी भंगारात निघालेली एक डिस्क उघडून घेतली. सहा टोकांच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने त्याने झाकण काढलं. आत आरशासारखी तबकडी, इतकी की तिच्यात वरची ट्यूबलाइट सरळ दिसत होती. कडेला दोन जाड चुंबक आणि त्यांच्यामध्ये हेडचा दांडा. दांड्याच्या टोकाला तिळापेक्षाही लहान काळा ठिपका. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते, आणि लिहिताना तो ठिपका तिच्यापासून जेमतेम एक-दोन नॅनोमीटरवर असतो. तबकडीवर एक बारीक गोल चरा होता. "सर, हे बघा, हेड टेकलं इथे," तो म्हणाला. "टकटक आवाज यायला लागला की डिस्क लगेच बंद करायची असते. लोक धा वेळा चालू-बंद करून बघतात आणि मग आणतात. तोवर पार खरवडून जातं." मी विचारलं, एसएसडी आल्यापासून धंदा कमी झाला का? "नाही ओ. डिस्कमधनं निम्मंशिम्मं तरी निघतं. एसएसडी गेली की बऱ्याचदा गेलीच. गिऱ्हाईकाला तेच समजवायला टाइम जातो."

त्याचं हे बोलणं मला पटतं, कारण त्यामागे शास्त्र आहे. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यात अडकवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू झिरपतो. एसएसडीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात असं धरलंय की ठरलेलं लेखन-आयुष्य संपलेली साधी एसएसडी वीज न देता ३० अंशांत एक वर्ष, आणि सर्व्हरसाठीची ४० अंशांत तीन महिने माहिती सांभाळेल. नवी एसएसडी याच्या कितीतरी जास्त काळ टिकते, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण सरकारी कार्यालयातलं जुनं यंत्र, पत्र्याचं छप्पर आणि नाशिकचा मे महिना एकत्र आणून पाहा. कपाटात बंद करून विसरून जायच्या माहितीसाठी कुणी एसएसडी सुचवत असेल तर त्याला हा आकडा ठाऊक आहे का, एवढं विचारायला काय हरकत आहे?

आता कॅमेऱ्यांचं गणित, जे चर्चेत कुणी मांडताना दिसत नाही. एक बऱ्यापैकी स्वच्छ चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो असं धरू. दिवसाला साधारण ४३ जीबी. असे हजार कॅमेरे म्हणजे दिवसाला ४३ टीबी आणि तीस दिवस ठेवायचं ठरलं तर जवळपास १,३०० टीबी. सिंहस्थाची गर्दी पाहता हजार हा आकडा लहानच. ३० टीबीच्या डिस्का घेतल्या तर मूळ साठवणुकीला ४३-४४ आणि राखीव धरून साठच्या घरात. एका कपाटात मावणारं काम. हेच एसएसडीवर करायचं तर खर्च कित्येक पट होतो, आणि मिळतं काय? वेग. पण इथे वेग कोणाला हवाय? कॅमेरा दिवसरात्र एका लयीत लिहीत राहतो, वाचायची वेळ येते ती कुणी हरवलं, चेंगराचेंगरीची शंका आली किंवा खिसा कापला गेला तरच. फिरत्या तबकडीला सगळ्यात सोपं काम कुठलं असेल तर हेच, सलग लिहीत जाणं. क्लाउडवर टाकायचं म्हटलं तर हजार कॅमेऱ्यांसाठी सेकंदाला ४,००० मेगाबिट अखंड बाहेर पाठवणारी जोडणी लागेल, नेमक्या त्या पर्वणीच्या पहाटे जेव्हा रामकुंडावर साधा व्हॉट्सअॅपचा मेसेज जात नाही. आणि पलीकडे तो साठणार कशावर, ते वर सांगितलंच. क्लाउडला माझा विरोध नाही. महत्त्वाचे तुकडे, पुराव्याची दृश्यं यांची एक प्रत शहराबाहेर हवीच. पण 'सगळंच' तिकडे टाकणं हे धोरण झालं नाही.

नोटांचं उदाहरण नाशिककरांनी तरी विसरू नये. यूपीआय आल्यावर नाशिकरोडच्या प्रेसचं काय होणार, अशी काळजी कितीजणांनी व्यक्त केली होती! चहाची टपरी मोबाइलवर पैसे घेऊ लागली हे खरंच. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या आणि मार्च २०२४ मध्ये ३४ लाख कोटींहून जास्त. नवं माध्यम हातातल्या वापरात जिंकलं आणि जुन्याचा साठा वाढत राहिला. दोन्ही एकाच वेळी घडू शकतं, हे आपल्या डोळ्यांसमोर घडूनही आपल्याला पटत नाही.

याहून जुना दाखला पांडवलेण्यांतला आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. हिशेब करून पाहा, चोख जुळतो. आणि पुढे लिहिलंय की हे सर्व निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी होत्या, रोजच्या कामाला सभेतला फलक आणि कायमसाठी कातळ. फलक केव्हाच गेला, कातळ दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतो. पण त्या काळात फलकाचंही काम होतंच. व्याज थकलं तर जाब विचारायला कुणी डोंगर चढून जात नसणार. उषवदाताच्या कारभाऱ्यांनी कातळ जुना की फलक आधुनिक असा वाद घातला नाही, दोन्ही वापरले.

याचा अर्थ डिस्क म्हणजे आपला कातळ, असा मात्र कुणी काढू नये. तिथे 'आमची डिस्क बारा वर्षं चालतेय' म्हणणारे माझे अर्धवट मित्रपक्ष चुकतात. मोठ्या डेटा सेंटरांचे अनुभव पाहता दर वर्षी शंभरातली एक-दोन डिस्क जातेच. तुमची बारा वर्षं टिकली हे नशीब आहे, नियम नाही. एकाच डिस्कवर लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब आणि वडिलांच्या जमिनीचे स्कॅन ठेवून ती कपाटात घालणाऱ्याला जुन्या तंत्रज्ञानाचा अभिमान कामाला येणार नाही. दोन वेगळ्या माध्यमांवर दोन प्रती आणि एक घराबाहेर, हा कंटाळवाणा नियम त्यालाही लागू आहे. फार जुनं जपायचं असेल तर चुंबकीय टेप अजून बनतेय आणि मोठी अभिलेखागारं ती वापरतात, ही माहितीही 'जमाना गेला' म्हणणाऱ्यांच्या कानावर घालायला हवी.

म्हणून निविदा काढणाऱ्यांकडे, मग ती महापालिका असो, देवस्थान असो की चाळीस फ्लॅटांची सोसायटी, मागणी साधी आहे. 'अत्याधुनिक साठवणूक' असं गुळगुळीत लिहू नका. किती कॅमेरे, किती दिवस, वाचन किती वेळा, एक डिस्क गेली तर काय, दुसरी प्रत कुठे, आणि डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली आहे की घरगुती, हे लिहा. ट्रॅकवर ट्रॅक चढवलेलं तंत्र आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. यातून कधी एसएसडी येईल, कधी डिस्क, कधी दोन्ही. जे येईल ते हिशेबाने येईल.

आणि एक कलम, जे मी अजून कुठल्याच चर्चेत ऐकलेलं नाही. सिंहस्थ संपल्यावर त्या डिस्कांवर लाखो यात्रेकरूंचे चेहरे असतील, घाटावर ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या बायाबापड्यांचेसुद्धा. हे चित्रीकरण कोण पुसणार, केव्हा आणि कोणासमोर? फाइल डिलीट केल्याने तबकडीवरचं चुंबकत्व जात नाही. वरून पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर जोरदार चुंबकक्षेत्राने सगळं पुसावं लागतं. त्यातही लेसरवाल्या नव्या डिस्कांचा धातू इतका हट्टी आहे की जुनी पुसणयंत्रं त्याला पुरतील असं धरून चालता येत नाही. मग यंत्राने तबकडीचा चुराच करावा लागेल. त्याचा खर्च निविदेत आत्ताच धरायला हवा आणि चुरा झाल्याचा पंचनामा लोकांना पाहायला मिळायला हवा. नाहीतर त्या डिस्का एखाद्या गोदामातून सेकंडहँड बाजारात येतील, आणि दोन हजार रुपयांत एखादा मुलगा घरच्या कॉम्प्युटरसाठी ती घेऊन जाईल.